उत्तर नसलेल्या समीकरणांचा इतिहास

ज्या समीकरणात अज्ञात राशी केवळ पहिल्या घातात येतात, म्हणजे त्यांचा वर्ग किंवा घन होत नाही आणि त्या एकमेकींनी गुणल्याही जात नाहीत, त्या समीकरणाला रेषीय किंवा एकघाती समीकरण म्हणतात. आणि अशी अनेक समीकरणे एकाच वेळी खरी ठरतील अशा किमती शोधायच्या असतील, तर त्या समीकरणांना एकसामयिक म्हणतात. क्ष + य = १० आणि २क्ष + २य = २३ ही दोन समीकरणे घेतली, तर पहिल्याची दुप्पट करताच २क्ष + २य = २० मिळते आणि ते दुसऱ्यातून वजा केल्यावर डावीकडे काहीच उरत नाही, उजवीकडे मात्र ३ उरतात. शून्य म्हणजे तीन असे म्हणण्याची पाळी आली, की त्या दोन अटी एकत्र नांदू शकत नाहीत हे सिद्ध झाले. आलेखावर या समीकरणांच्या रेषा समांतर असतात. अज्ञात राशी तीन असतील तर प्रत्येक समीकरणाचे एक प्रतल होते, आणि तिथे कोणतीही दोन प्रतले एकमेकांना छेदत असूनही तिन्हींचा सामाईक बिंदू नसणे शक्य असते. मग विसंगती चित्रात चटकन दिसत नाही, पण कारण तेच असते. दिलेल्या समीकरणांना योग्य संख्यांनी गुणून त्यांची बेरीज केली असता सगळ्या अज्ञात राशी एकमेकींना खोडतात आणि उजव्या बाजूला शून्येतर संख्या शिल्लक राहते. रेषीय समीकरणांच्या संचाला उत्तर नसण्याचे याखेरीज दुसरे कारण असूच शकत नाही, आणि ही दुसरी बाजूच या विषयाचे मर्म आहे.

एवढे सोपे कारण शब्दांत मांडायला मात्र गणिताला फार मोठा काळ लागला. याचे मुख्य कारण बुद्धीच्या उणिवेत नसून गणिताच्या वापरात आहे, कारण जुन्या ग्रंथांतील उदाहरणे ही उत्तर आधी ठरवून मग रचलेली असत आणि उत्तर न येणारे उदाहरण हे रचणाऱ्याची चूक मानले जाई. ‘उत्तर नाही’ हेही एक उत्तर आहे, आणि त्याला पुरावा देता येतो, ही जाणीव वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या गरजांतून आली.

चीनमधील ‘नऊ अध्याय’ या गणितग्रंथाचा आठवा अध्याय अशा समीकरणांना वाहिलेला आहे. हा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या रूपात आला, आणि त्यात उत्तम, मध्यम व हलक्या प्रतीच्या धान्याच्या पेंढ्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे: उत्तम प्रतीच्या ३, मध्यम प्रतीच्या २ आणि हलक्या प्रतीच्या १ पेंढीतून ३९ मापे धान्य मिळते, तर २, ३ व १ पेंढ्यांतून ३४ आणि १, २ व ३ पेंढ्यांतून २६ मापे मिळते. गणक हे आकडे मोजपट्टावर काड्यांच्या साहाय्याने तीन उभ्या स्तंभांत मांडत, एका स्तंभाला गुणून त्यातून दुसरा स्तंभ वारंवार वजा करत, आणि शेवटी एका स्तंभात एकच अज्ञात राशी उरली की तिची किंमत काढून उलट मागे जात. उत्तम प्रतीच्या पेंढीला ९¼, मध्यम प्रतीच्या पेंढीला ४¼ आणि हलक्या प्रतीच्या पेंढीला २¾ मापे हे त्याचे उत्तर. युरोपात हीच रीत पुढे गाउसच्या नावाने ओळखली गेली. या अध्यायात १८ उदाहरणे आहेत आणि त्यांपैकी एकही विसंगत नाही. तेरावे उदाहरण मात्र वेगळे आहे: पाच कुटुंबांच्या दोरांची लांबी आणि विहिरीची खोली अशा सहा राशी त्यात अज्ञात आहेत आणि अटी पाचच. ग्रंथाने विहिरीची खोली ७२१ सांगितली, पण इ. स. २६३ मध्ये लिऊ हुई या भाष्यकाराने त्यावर टीप लिहिली की या संख्या केवळ परस्परांचे प्रमाण दाखवतात. अटी अपुऱ्या असल्या की उत्तर एकच राहत नाही, हे त्याने पाहिले. अटी एकमेकींशी भांडत असल्या तर काय होते, हे पाहण्याचा प्रसंग त्या ग्रंथाने आणला नाही.

तो प्रसंग भारतीय ज्योतिषगणितात कुट्टकाच्या निमित्ताने आला. कुट्टक म्हणजे असा गुणक शोधण्याची रीत, की ज्याने एका ठरावीक संख्येला गुणून त्यात दुसरी ठरावीक संख्या मिळवली असता तिसऱ्या संख्येने निःशेष भाग जातो. पहिल्या संख्येला भाज्य, मिळवायच्या संख्येला क्षेप आणि भागणाऱ्या संख्येला हार म्हणत. गुणक आणि भागाकार म्हणजे लब्धी, हे दोन्ही पूर्णांकच हवेत ही अट असे. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये ही रीत सूत्ररूपाने दिली आणि ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये तिचा विस्तार केला. ग्रहांच्या भगणांवरून, म्हणजे युगातील त्यांच्या प्रदक्षिणांच्या संख्येवरून, व प्रदक्षिणेच्या उरलेल्या शेषावरून युगारंभापासून किती दिवस गेले हे काढायचे, तर पूर्णांकांचाच प्रश्न येतो, कारण दिवस अपूर्णांकात मोजायचे नसतात. अनेक ग्रहांचे शेष एकदम दिले, की मग एकाच संख्येला अनेक हारांनी भागून ठरावीक बाक्या उरल्या पाहिजेत अशा अटींचा संच तयार होतो. ६ने भागून १ उरतो आणि ४ने भागून २ उरतात अशी संख्या कोणी मागितली, तर ती सापडणार नाही, कारण पहिल्या अटीने ती विषम ठरते आणि दुसरीने सम.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त हा मुद्दा निःसंदिग्ध शब्दांत येतो. त्यांच्या एका उदाहरणात भाज्य २२१, हार १९५ आणि क्षेप ६५ आहे. तिन्ही संख्यांना १३ने भाग जातो, म्हणून प्रथम अपवर्तन, म्हणजे सामाईक भाजकाने भागून लहान करणे, केले की १७, १५ आणि ५ या ‘दृढ’ संख्या उरतात. १७ला ५ने गुणून ५ मिळवले की ९० होतात आणि ९०ला १५ने भागले की ६ येतात. म्हणून गुणक ५ आणि लब्धी ६. मूळ संख्यांतही २२१ला ५ने गुणून ६५ मिळवले की ११७० होतात आणि त्यांना १९५ने भागले की ६च येतात. आता क्षेप ६५च्या ऐवजी ६६ घेतला, तर भाज्य आणि हार या दोघांनाही १३ने भाग जातो, पण ६६ला जात नाही. मग गुणक कोणताही घेतला तरी डाव्या बाजूची बेरीज १३च्या पटीहून नेहमी एकने जास्त राहते आणि १९५ची पट तिला कधीच गाठता येत नाही. भास्कराचार्यांचा नियम नेमका हाच आहे: ज्या संख्येने भाज्य व हार दोन्ही छेदले जातात तिने क्षेप छेदला जात नसेल, तर ते उदाहरण ‘दुष्ट’, म्हणजे सदोष, समजावे.

या नियमाचे मोल त्याच्या जागेत आहे. तो प्रकरणाच्या अखेरीस टीप म्हणून येत नाही, तर आकडेमोड सुरू करण्याआधीच येतो, आणि तपासणीसाठी उत्तर शोधत बसावे लागत नाही. सामाईक भाजक काढला की निकाल लागतो. ‘दुष्ट’ या विशेषणात दोष प्रश्न विचारणाऱ्याकडे जातो हे खरे, आणि याच अर्थाने भास्कराचार्य आपल्या काळाच्या सोबत आहेत. तरीही उत्तर नसण्याची पूर्ण कसोटी, म्हणजे कसोटीत बसले तर उत्तर असतेच आणि न बसले तर नसतेच अशी, एका संपूर्ण प्रकारच्या समीकरणांसाठी इतक्या आधी पाठ्यग्रंथात आली ही गोष्ट साधी नाही. ती महाराष्ट्रात जपली गेली याचा दगडावरचा पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७च्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, आणि त्याने आपल्या आजोबांचे व घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापन केला. त्या मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद त्याच लेखात असून अखेरचा भाग तत्कालीन मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. गणिताच्या शिक्षणासाठी कायमचे उत्पन्न लावून दिल्याची इतकी स्पष्ट नोंद त्या काळातली दुसरीकडे सहसा मिळत नाही, आणि तिथे शिकणाऱ्यांनी दुष्ट उदाहरण ओळखण्याचा नियम पाठ केला असणार यात शंका घेण्याचे कारण नाही.

युरोपात हा प्रश्न वक्ररेषांच्या अभ्यासातून वर आला. तृतीय घाताच्या वक्ररेषेच्या समीकरणात दहा सहगुणक असतात, त्यांतील एकाने बाकीच्यांना भागले की नऊ उरतात. म्हणून नऊ बिंदू दिले की नऊ रेषीय समीकरणे मिळून वक्ररेषा एकच ठरावी अशी समजूत होती. पण तृतीय घाताच्या दोन वक्ररेषा एकमेकींना नऊ बिंदूंत छेदू शकतात, म्हणजे त्या नऊ बिंदूंतून निदान दोन वक्ररेषा जातात. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरने १७४४ साली लेओनहार्ड ऑयलरला पत्राने ही अडचण कळवली, आणि ऑयलरने १७५० मध्ये छापून आलेल्या निबंधात तिचे मूळ दाखवले. समीकरणे जितकी तितक्या अज्ञात राशी ठरतात हे सर्वमान्य मत त्याने उदाहरणांनीच खोडले. ३क्ष − २य = ५ आणि ४य = ६क्ष − १० ही दोन समीकरणे दिसायला दोन, पण दुसरे हे पहिल्याचीच दुप्पट आहे. चार अज्ञात राशींच्या चार समीकरणांचे त्याचे उदाहरण तर अधिक मार्मिक आहे, कारण त्यातील तिसरे व चौथे समीकरण पहिल्या दोहोंतून बेरीज-वजाबाकीने निघते, तरी नुसत्या नजरेला ते कळत नाही. वरच्या पहिल्या जोडीत १०च्या ठिकाणी १२ घातले असते तर समीकरणे परस्परविरोधी झाली असती. ऑयलरची दृष्टी मात्र उत्तरांच्या विपुलतेवर होती, अभावावर नव्हती. त्याच वर्षी क्रेमरने आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात अज्ञात राशींची किंमत अपूर्णांकाच्या रूपाने थेट लिहिण्याचा नियम दिला. त्या सगळ्या अपूर्णांकांना एकच छेद असतो, आणि त्याला आज सहगुणकांचा निश्चयक म्हणतात. छेद शून्य झाला आणि अंशही सगळे शून्य झाले तर प्रश्न अनिश्चित, आणि छेद शून्य असून एखादा अंश शून्य नसेल तर तो अशक्य, असा भेद क्रेमरने केला. राशी तीन किंवा अधिक असल्या तर या भेदाचा पहिला भाग पुरेसा नसतो, कारण छेद व अंश सर्व शून्य असूनही समीकरणे विसंगत असू शकतात: क्ष + य + झ = १, क्ष + य + झ = २ आणि क्ष + य + झ = ३ या तीन समीकरणांत नेमके असेच घडते. ही फट भरायला आणखी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

दरम्यान आकाश आणि पृथ्वी मोजणाऱ्यांसमोर विसंगत समीकरणांचे ढीग जमत होते, आणि त्यांना ती समीकरणे सदोष म्हणून टाकून देण्याची सोय नव्हती. निरीक्षण जितके अधिक तितकी समीकरणे अधिक, अज्ञात राशी मात्र तेवढ्याच, आणि प्रत्येक निरीक्षणात थोडी चूक. मग सगळी समीकरणे एकदम खरी ठरवणारे उत्तर असणे जवळजवळ अशक्यच. न्युरेंबर्गच्या टोबियस मायरने चंद्राच्या डुलण्याचा अभ्यास करताना मॅनिलियस नावाच्या विवराच्या स्थानाची निरीक्षणे घेतली आणि तीन अज्ञात राशींसाठी २७ समीकरणे मिळवली. त्याने १७५० साली ती नऊ-नऊच्या तीन गटांत वाटून प्रत्येक गटाची बेरीज केली आणि मिळालेल्या तीन समीकरणांतून उत्तर काढले. त्याच सुमारास गुरू व शनी यांच्या परस्पर ओढीचा विचार करणाऱ्या ऑयलरपुढे ७५ समीकरणे होती, पण समीकरणे एकत्र केली की चुकाही एकत्र होऊन वाढतात या धास्तीने त्याने ती सगळी एकत्र करणे टाळले. समीकरणांच्या परस्परावलंबनाची इतकी सूक्ष्म जाण असलेला हा गणिती इथे अडला आणि निरीक्षणाचा सराव असलेला मायर पुढे गेला, यावरून हा प्रश्न केवळ बीजगणिताचा नव्हता हे उघड होते. निरीक्षकाला आपल्या चुका दोन्ही बाजूंना पडतात आणि बेरजेत एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात हे अनुभवाने ठाऊक होते.

एद्रियाँ-मारी लजांद्र याने १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकाच्या परिशिष्टात या प्रश्नाला नेमके रूप दिले. सगळी समीकरणे खरी ठरवता येत नाहीत, तर प्रत्येक समीकरणात जी तफावत उरते तिचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीज लहानात लहान होईल अशा किमती घ्याव्यात, ही त्याची लघुतम वर्ग पद्धत. तिचे उदाहरण म्हणून त्याने डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत मोजलेल्या याम्योत्तराच्या कंसाची, म्हणजे मीटर ठरवण्यासाठी केलेल्या मोजणीची, आकडेमोड दिली. कार्ल फ्रीडरिख गाउसने १८०९ मध्ये ही पद्धत आपण १७९५ पासून वापरत असल्याचे लिहिले आणि त्यावरून लजांद्रशी कडवट वाद झाला. पण चुकांच्या संभाव्यतेशी तिचा संबंध जोडणे हे गाउसचे काम निर्विवाद आहे. या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट अशी की तिच्यातून अज्ञात राशींइतकीच नवी समीकरणे निघतात आणि ही नवी समीकरणे कधीच विसंगत नसतात. मूळ संच कितीही भांडणारा असो, त्याच्यापासून तयार झालेल्या संचाला उत्तर असतेच.

याचा अर्थ त्रिकोणाच्या मोजणीत जवळून दिसतो. सर्वेक्षणात त्रिकोणाचे तिन्ही कोन स्वतंत्रपणे मोजले जातात, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी अल्पशी वाढ वजा केली की त्यांची बेरीज १८० अंश व्हायलाच हवी. म्हणजे अज्ञात राशी तीन आणि समीकरणे चार. मोजलेल्या कोनांची बेरीज १८० अंश आणि ६ विकला भरली, तर चारही समीकरणे एकदम खरी होत नाहीत. बेरजेची अट अढळ मानून आणि तिन्ही कोन सारख्याच काळजीने मोजले असे धरून लघुतम वर्ग पद्धत लावली, तर प्रत्येक कोनातून २ विकला कमी करा असे ती सांगते. एका त्रिकोणात हे कोणीही सुचवेल. पण शेकडो त्रिकोण बाजूंनी व शिरोबिंदूंनी एकमेकांत गुंतले, एका बिंदूभोवतीचे कोन ३६० अंश झाले पाहिजेत, वळसा घालून परत आलेल्या बाजूची लांबी मूळ लांबीशी जुळली पाहिजे, अशा अटी वाढत गेल्या, की दुरुस्ती कोणाच्या अंदाजावर सोडता येत नाही.

विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेले भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे या प्रश्नाचे सर्वांत विस्तृत क्षेत्र ठरले. लॅम्टन हैदराबादहून नागपूरकडे काम पुढे नेत असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. त्याच्या काळात कोनांची दुरुस्ती बरीचशी मोजणाऱ्याच्या विवेकावर चाले. पुढे जेम्स वॉकरच्या कारकिर्दीत संपूर्ण देशातील मुख्य त्रिकोणमाळा पाच भागांत विभागल्या गेल्या, चार चौकोनी आणि दक्षिणेचा एक त्रिकोणी, आणि प्रत्येक भागातील सर्व अटी एकसमयावच्छेदे धरून लघुतम वर्ग पद्धतीने आकडेमोड करण्यात आली. पाच भाग पाडण्याचे कारण एवढेच, की सगळ्या देशाची समीकरणे एकदम सोडवणे हाताने आकडेमोड करणाऱ्या गणकांच्या आवाक्याबाहेरचे होते. देहरादूनच्या गणक-कार्यालयातील माणसांनी वर्षानुवर्षे केलेले हे श्रम नकाशांच्या इतिहासात शिखरांच्या उंचीमागे झाकले गेले आहेत. विसंगत समीकरणांच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान द्यायला हवे.

क्रेमरने सोडलेली फट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरली गेली. सिल्व्हेस्टरने १८५० मध्ये सहगुणकांच्या आयताकृती मांडणीला मॅट्रिक्स हे नाव दिले. मराठीत तिला आव्यूह म्हणतात. आव्यूहाच्या ओळींपैकी जास्तीत जास्त किती ओळी परस्परांतून निघू न शकणाऱ्या, म्हणजे स्वतंत्र, आहेत ही संख्या म्हणजे त्याची कोटी, आणि ही संज्ञा फ्रोबेनियसने १८७९ मध्ये रूढ केली. सहगुणकांच्या आव्यूहाला उजव्या बाजूच्या संख्यांचा एक स्तंभ जोडला की विस्तारित आव्यूह होतो. या दोन आव्यूहांची कोटी सारखी असेल तर समीकरणांना उत्तर असते, आणि जोडलेल्या स्तंभामुळे ती एकाने वाढली तर नसते. वरच्या तीन समीकरणांत सहगुणकांच्या आव्यूहाची कोटी १ आहे, विस्तारिताची २. निश्चयकांच्या भाषेतला हा सिद्धांत चार्ल्स डॉजसन, म्हणजेच ‘ॲलिस’चा लेखक लुईस कॅरल, याने १८६७च्या आपल्या पाठ्यपुस्तकात दिला होता, आणि १८७५ मध्ये फ्रान्समध्ये फोंतने व रूशे यांनी तो मांडला. आज इटलीत तो रूशे-कापेली या नावाने, स्पेनमध्ये रूशे-फ्रोबेनियस या नावाने आणि रशियात क्रोनेकर-कापेली या नावाने शिकवला जातो, यावरून किती ठिकाणी त्याची गरज भासली होती ते कळते. पूर्णांक उत्तरांसाठीची कसोटी ऑक्सफर्डच्या हेन्री स्मिथने १८६१ मध्येच दिली होती: समीकरणे परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर सहगुणकांच्या आव्यूहातील मोठ्यात मोठ्या निश्चयकांचा महत्तम सामाईक भाजक आणि विस्तारित आव्यूहातील तसाच भाजक एकच असला पाहिजे. समीकरण एकच घेतले तर स्मिथची ही अट भास्कराचार्यांच्या अपवर्तनाच्या अटीशी तंतोतंत जुळते, आणि त्या अर्थाने ‘लीलावती’तील नियम हा स्मिथच्या सिद्धांताचा पहिला खंड होय.

व्यवहारातील राशींवर आणखी एक बंधन असते, ते म्हणजे त्या ऋण चालत नाहीत, कारण धान्याची पोती किंवा गाड्यांच्या फेऱ्या शून्यापेक्षा कमी नसतात. क्ष + य = ३ आणि क्ष − य = ५ यांना क्ष = ४, य = −१ हे उत्तर आहे, पण ऋण संख्या निषिद्ध केली की ते बाद होते. तेव्हाच्या हंगेरीतील कोलोज्वार विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या ज्यूला फार्कशने १९०२ मध्ये या प्रकारासाठीही कसोटी सिद्ध केली: उत्तर नसेल तर समीकरणांना गुणण्याजोग्या अशा संख्या असतातच, की बेरजेत सर्व राशींचे सहगुणक शून्य किंवा धन होतात आणि उजवी बाजू ऋण होते. वरच्या जोडीत पहिल्याला १ने आणि दुसऱ्याला −१ने गुणून बेरीज केली की २य = −२ मिळते, आणि य ऋण नसेल तर ते अशक्य आहे. यंत्रशास्त्रातल्या बलांच्या समतोलासाठी लिहिलेला हा सिद्धांत बराच काळ दुर्लक्षित राहिला. जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये मर्यादित साधनांची उत्तम वाटणी ठरवण्यासाठी सिंप्लेक्स ही रीत काढली, तेव्हा तिच्या पहिल्या टप्प्यात सर्व अटी एकत्र पाळता येतात की नाही हेच तपासावे लागते असे दिसले, आणि त्या पाळता येत नसल्या तर फार्कशचे ते गुणक आकडेमोडीच्या शेवटच्या कोष्टकात आपोआप हाती येतात.